वीस मीटर

माहुलच्या आमच्या शाळेच्या अंगणात
सरळ वीस मीटर मावत नाहीत.
दोनदा टेप धरला. सोळा आणि वर काहीतरी.
शेवटी शिपाई गंगावणे म्हणाले, बाई, तिरकं मोजा,
पाण्याच्या टाकीपासून गेटच्या कडीपर्यंत.
मावले. खडूनं रेघा मारल्या
आणि अख्खी आठवी तिरकी उभी केली.

मेडिकल कॉलेजातून आलेली डॉक्टर सुकृता,
वयानं माझ्या भाचीएवढी,
स्पीकर टाकीवर ठेवून समजावते:
टूंक वाजायच्या आत पलीकडच्या रेघेवर पाय,
पुन्हा टूंक, पुन्हा अलीकडे.
दर मिनिटाला टूंक जवळ जवळ येत जातात.
लागोपाठ दोनदा चुकलात की बाद.
तिच्याकडे कोष्टक आहे. वय घाला, पातळी घाला,
मिनिटाला, किलोमागे, किती मिलिलिटर प्राणवायू
हे पोर वापरू शकतं
ते दशांशासकट निघतं.

मी मान डोलावली.
मी कबड्डीतली. आमच्याकडे पंच कानाशी यायचा
आणि ऐकायचा, तुटला का दम.
दशांश नव्हता.

दम. किती राबवतो आपण या शब्दाला.
पोरांना दम देतो, दम धर म्हणतो,
बिर्याणीलासुद्धा सोडत नाही.
माझ्या वर्गात चौघांच्या दमापुढे एक काना आहे.
त्यांचे पंप माझ्या पर्समध्ये,
डब्याच्या आणि शिट्टीच्या मध्ये.
रिफायनरीकडून वारा आला की
आधी मी चेन उघडते, मग हजेरी.

मुलगे धावले.
शाहबाज मणियार अनवाणी, सातवी पातळी.
हृषीकेश पाखरे आठवीत पोचला, कोपऱ्यात ओकला,
तोंड पुसून परत रेघेवर.
थांब रे, म्हटलं, तर म्हणतो,
बाई, स्पीकर दमला की थांबतो.

मग मुली.
नाझनीन, अर्पिता, ललिता बनपट्टे, बाकीच्या.
सगळ्या दोन्ही हात छातीवर घट्ट बांधून धावत होत्या,
थंडीत धावावं तशा. मे महिन्याला आठ दिवस होते.
वर दुसऱ्या मजल्यावर दहावीचे मुलगे,
खिडकीगणिक पाच-सहा डोकी,
प्रत्येक टूंकेला वरून एक शिट्टी.
दुसऱ्या पातळीवर सगळ्या बाद.
ललिता तर पहिल्याच पातळीत, सहाव्या फेरीला.
जी पहाटे सात मजले
दोन हंडे चढवते, लिफ्ट बंद असते म्हणून.
कोष्टक म्हणालं: क्षमता कमी.

सुकृताचं पेन थांबलं. तिला दिसत होतं.
तीही कधीतरी तेरा वर्षांची असणारच.
पण नियम आहे म्हणाली, पहिलाच आकडा जातो.

सोमवारी मी वर गेले. दहावीला गणिताच्या सरांकडे पिटाळलं.
अकरा खिडक्या, गंजलेल्या, एकेक ओढून लावली.
शेवटचीला कडीच नव्हती.
तिला माझी ओढणी बांधली, दोन गाठी.
धापा टाकत खाली आले, मुलींना म्हटलं,
आता कुणी नाही. हात सोडा.
ललिता म्हणाली,
मग कुठे ठेवू?

सुचेना.
पाहिलं तर माझेच दोन्ही हात
माझ्या छातीवर बांधलेले.
पंचेचाळिसाव्या वर्षी. रिकाम्या अंगणात.
सोडले. ते बाजूला लोंबले, परक्यासारखे.
असे, म्हटलं.

टूंक.

पहिल्या दोन पातळ्या ती चालल्यासारखीच धावली.
तिसरीत कोपरं मोकळी झाली.
चौथीत वेणी सुटली, तिनं बांधली नाही.
बाकीच्या एकेक करून टाकीच्या सावलीत बसल्या
आणि ओरडायला लागल्या, वेगवेगळ्या भाषांत.
सहावी पातळी, पाचवी फेरी,
मग पाय रेघेआधी टेकला, दोनदा.
कंबर धरून उभी राहिली. हसली नाही.
फक्त विचारलं, बाई, उद्या पण?

फॉर्म गेला. त्यात पहिलाच आकडा.
शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलं,
सहा-पाच, खिडक्या बंद.
कुणी खोडलं तर खोडू दे.

ओढणी अजून वरच आहे.